दम्याची मुले, दूषित हवा आणि 'निर्णायक पुराव्या'ची मागणी

हवेच्या प्रदूषणाने लहान मुलांचा दमा वाढतो का, या प्रश्नावर आपल्याकडे वाद भरपूर होतो. पण तो ज्या रीतीने घातला जातो, ती रीतच मला सदोष वाटते. संसदेत कोणी खासदार याविषयी विचारतो तेव्हा केंद्र सरकारकडून गेली काही वर्षे जवळजवळ ठरावीक शब्दांतले उत्तर येते: केवळ हवेच्या प्रदूषणामुळेच मृत्यू किंवा आजार झाला असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक माहिती देशात उपलब्ध नाही, प्रदूषण हा श्वसनविकारांना चालना देणाऱ्या घटकांपैकी एक आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी लोकसभेत सांगितले होते की, प्रदूषणाने आयुर्मान घटते असे कोणत्याही भारतीय अभ्यासाने दाखवलेले नाही. अशा उत्तरांवर पर्यावरणवादी संतापतात आणि म्हणतात की, जगभर पुरावा पुरेसा साचलेला आहे, आता आणखी अभ्यास म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा. एक बाजू संशोधनाचे कारण पुढे करून कृती टाळते, दुसरी कृतीच्या घाईत संशोधनालाच निरुपयोगी ठरवते. आणि रात्री दोन वाजता धाप लागून उठून बसणाऱ्या मुलाला या दोहोंपैकी कशाचा उपयोग होणार आहे, हे कोणी विचारत नाही.

माझी भूमिका अशी आहे. दूषित हवा दम्याच्या मुलांना अपाय करते हे सिद्ध करण्यासाठी नव्या संशोधनाची गरज उरलेली नाही आणि त्या सिद्धतेची वाट पाहत एकही उपाय अडवून ठेवता कामा नये. तरीही दम्याच्या मुलांवरचे संशोधन आपल्याला आजच्यापेक्षा कितीतरी अधिक हवे आहे, मात्र त्याने वेगळे प्रश्न हाती घेतले पाहिजेत. कोणत्या शहरात कोणत्या स्रोताचा धूर मुलांच्या फुप्फुसांपर्यंत सर्वाधिक पोहोचतो, कोणत्या मुलांना तो जास्त बाधतो आणि उपाय म्हणून जे काही केले जाते त्याने मुलांचे आजारपण खरोखर कमी होते का, या प्रश्नांची उत्तरे लंडनहून किंवा लॉस एंजेलिसहून आणता येणार नाहीत. ती मुंबईत, चंद्रपुरात, दिल्लीतच शोधावी लागतील.

सरकारी उत्तरातल्या अटीकडे आधी पाहू. केवळ प्रदूषणामुळेच झालेला आजार दाखवा, ही अट दम्याच्या बाबतीत कधीही पुरी होणार नाही. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळची सूज असते. अशा नलिका निमित्त मिळताच आवळतात, त्यांत चिकट स्राव साठतो आणि आत घेतलेला श्वास बाहेर टाकणे मुलाला जड जाते. ते निमित्त सर्दीचा विषाणू असेल, गादीच्या धुळीतले सूक्ष्म कीटक असतील, थंड हवा असेल किंवा गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीचा धूर असेल. बहुतेक वेळा यांतली दोन-तीन कारणे एकत्र येतात. त्यांतले एक वेगळे काढून 'या एकट्यानेच घात केला' असे सिद्ध करायला सांगितले, तर कोणताही वैज्ञानिक हात टेकेल. हीच अट तंबाखूला लावली असती तर विडीच्या पाकिटावर धोक्याची सूचना कधी छापली गेली असती का? विडी ओढणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही आणि न ओढणाऱ्या काहींना तो होतो, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होते. क्षयाला जंतू लागतो, पण कुपोषण आणि दाटीवाटीची वस्ती यांच्याशिवाय त्याचा फैलाव समजत नाही. म्हणून या दोहोंना कोणी निर्दोष ठरवले नाही.

या अटीचा निकाल एका न्यायिक चौकशीत लागलेला आहे. एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी लंडनच्या लुइशॅम भागात, साउथ सर्क्युलर या अखंड वाहत्या रस्त्याला लागून राहत होती. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत तिला तीसेक वेळा रुग्णालयात न्यावे लागले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. २०१४ च्या पहिल्या चौकशीत प्रदूषणाचा विचारच झाला नाही. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही. २०१८ मध्ये दम्याचे तज्ज्ञ प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी तिच्या रुग्णालयातील भरतीच्या तारखा आणि घरापासून सुमारे मैलभर अंतरावरच्या मापन केंद्रातील प्रदूषणाच्या नोंदी शेजारी ठेवून अहवाल दिला, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आधीचा निष्कर्ष रद्द केला आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनर, म्हणजे मृत्यूच्या कारणांची चौकशी करणारे न्यायिक अधिकारी, फिलिप बार्लो यांनी तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. प्रदूषण हे एकमेव कारण होते असे त्यांनी म्हटले नाही. तिच्या मृत्यूला त्याने ठोस हातभार लावला, असे म्हटले. कायद्याला आणि वैद्यकाला एवढे पुरते. आपल्या संसदीय उत्तरांना मात्र ते का पुरू नये?

'भारतीय अभ्यास नाहीत' हे विधान तर वस्तुस्थितीला धरूनही नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार येथील रहिवाशांची ग्रामीण भागातील लोकांशी तुलना करून श्वसनविकारांचा पद्धतशीर अभ्यास केला होता. गिरण्यांची धुराडी तेव्हा चालू होती. पुढे कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीच्या ११,६२८ शाळकरी मुलांची तपासणी केली, त्यांतल्या ४३.५ टक्के मुलांच्या फुप्फुसांची क्षमता कमी आढळली, तर तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होते. हा अभ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी झाला होता, म्हणजे सरकारच्याच एका यंत्रणेने तो करवून घेतला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या अंदाजात २०१७ या एका वर्षातील १२.४ लाख मृत्यूंचा संबंध हवेच्या प्रदूषणाशी जोडला गेला आणि तो अंदाज मंत्रिमहोदयांच्या विधानाच्या बरोबर एक वर्ष आधी प्रसिद्ध झाला होता. तेव्हा माहिती नाही म्हणणे योग्य नाही. असलेली माहिती सरकार स्वीकारत नाही, असेच म्हणावे लागते.

असे असले तरी विरुद्ध बाजूचे सगळेच मुद्दे निकाली काढण्याजोगे नाहीत. त्यांतले काही फार भक्कम आहेत आणि आपल्या बाजूचे लोक त्यांना बगल देतात, याची मला खंत वाटते. पहिला मुद्दा असा की, प्रदूषणामुळे दमा होत असेल तर ज्या देशांची हवा स्वच्छ आहे तिथे दमा जास्त का? न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन या देशांत मुलांमधील दम्याचे प्रमाण भारताहून पुष्कळ अधिक आहे. जर्मनीचे एकीकरण झाल्यावर तिथल्या बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन म्युटियस यांनी पूर्वेकडच्या लाइपझिग आणि हाले या, कोळशाच्या गंधकयुक्त धुरात बुडालेल्या शहरांतील मुलांची तुलना पश्चिमेकडच्या म्युनिकमधील मुलांशी केली. पूर्वेकडे दमा जास्त निघेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दमा आणि परागज्वर (परागकणांच्या ॲलर्जीची सर्दी) पश्चिमेकडे जास्त निघाले. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे आणि त्यावरून हेही मान्य केले पाहिजे की, एखाद्या समाजात दमा किती मुलांना होतो हे ठरवणाऱ्या गोष्टींत प्रदूषणाखेरीज इतर बरेच काही आहे.

पण त्याच अभ्यासात पूर्वेकडच्या मुलांमध्ये ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांचा दाह, जास्त आढळला होता, हा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. शिवाय दमा मुळात का जडतो आणि जडलेला दमा का उसळतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. जर्मनीचा दाखला पहिल्याला लागू पडतो, तर सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मुलाचा प्रश्न बहुधा दुसरा असतो. आणि पहिल्या प्रश्नाबाबतही सगळा धूर एकसारखा धरता येत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून हजारो शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षे माग ठेवणारा अभ्यास चालू झाला. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड जिथे कमी होत गेला तिथे नव्याने दमा जडणाऱ्या मुलांचे प्रमाणही कमी झाले, असे त्यातून २०१९ मध्ये दिसून आले. त्याआधी, २०१५ मध्ये, त्याच गटाने दाखवले होते की, वयाच्या पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता लक्षणीय कमी असलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या तुकडीत ७.९ टक्के होते, ते हवा सुधारत गेल्यावर तिसऱ्या तुकडीत ३.६ टक्क्यांवर आले. ही सुधारणा दमा असलेल्या मुलांतही दिसली. हवा बदलली आणि मुलांची फुप्फुसे बदलली, याहून अधिक थेट पुरावा कोणता मागायचा?

दुसरा मुद्दा आपल्या हवामानाचा आहे आणि महाराष्ट्रातला कोणताही बालरोगतज्ज्ञ तो सांगेल. पावसाळ्यात मुंबईची हवा धुऊन निघते, हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक हिरवा होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत सर्दी-खोकल्याबरोबर छाती भरलेल्या मुलांची रांग लागते. शाळा उघडलेल्या असतात, विषाणू फिरत असतात, भिंतींना ओल आलेली असते. मुलांमधील दम्याच्या तीव्र झटक्यांमागे बहुतेकदा विषाणूच असतो, हे वैद्यकाने पक्के केलेले आहे. मग प्रदूषणाचे काय? याचे उत्तर २००३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात आहे. साउथहॅम्प्टनच्या संशोधकांनी आठ ते अकरा वर्षांच्या ११४ दमेकरी मुलांच्या अंगावर नायट्रोजन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या नळ्या लावल्या आणि त्यांना सर्दी झाली की विषाणूही तपासला. ज्या मुलांनी सर्दीच्या आधीच्या आठवड्यात हा वायू जास्त प्रमाणात श्वासावाटे घेतला होता, त्यांचा विषाणूजन्य झटका अधिक तीव्र ठरला. विषाणू आणि धूर एकमेकांचे पर्याय नाहीत. एकाने दुसऱ्याचा घाव खोल होतो. आपल्याकडे असा अभ्यास हिवाळ्यात आणि पावसाळ्यात, चाळीत आणि इमारतीत, दोन्ही ऋतूंचे हिशेब मांडून झाला तर केवढे तरी कळेल. पावसाळ्याचा मुद्दा काढणाऱ्यांनी खरे तर याच संशोधनाचा आग्रह धरायला हवा.

तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. हवा स्वच्छ व्हायला दहा-वीस वर्षे लागतील, पण मुलाच्या हातात योग्य पंप दिला तर फरक काही आठवड्यांत पडेल. मग पैसा आणि लक्ष आधी उपचारांकडे का देऊ नये? पुण्यासह नऊ केंद्रांवर झालेल्या 'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'च्या भारतीय पाहणीत छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांच्या आणि तीव्र दम्याची लक्षणे असणाऱ्यांपैकी ७० टक्के लोकांच्या आजाराचे दमा म्हणून निदानच झालेले नव्हते. दाह कमी करणारे स्टेरॉइडचे पंप नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण तर नगण्य होते. 'पंपाची सवय लागते' ही समजूत घराघरांत आहे. मुलीला दमा आहे हे लग्नाच्या धास्तीने लपवले जाते. डॉक्टरही पालक घाबरतील म्हणून 'ॲलर्जीचा खोकला' म्हणून वेळ मारून नेतात. हे सगळे खरे आहे आणि यात सुधारणा झाली तर कित्येक मुलांचे जीव वाचतील. परंतु यातून हवेचा प्रश्न मागे ढकलण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. एला लंडनच्या नामवंत रुग्णालयांत उपचार घेत होती, औषधांची तिला वानवा नव्हती. शिवाय ज्या मुलाला दमा आहे हे त्याच्या आईलाच कोणी सांगितलेले नाही, त्याच्यापर्यंत उपचार पोहोचत नाहीत तोवर त्याच्या बचावासाठी त्याची हवाच काय ती शिल्लक राहते.

घरातल्या धुराचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, कारण तो वादाचा मुद्दा असण्याचेच कारण नाही. चुलीचा धूर आणि उदबत्तीचा धूर दमेकरी मुलाला बाधतो. डास पळवणाऱ्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, हे २००३ मध्येच मोजले गेले आहे. दिवाळीत लहान मुलांच्या हाती 'हिला आवाज नाही, धोका नाही' म्हणून दिली जाणारी नागगोळी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने तपासली, तेव्हा तपासलेल्या फटाक्यांत तीच सर्वांत जास्त सूक्ष्म कण सोडणारी निघाली. आणि मूल तर तिच्यावर ओणवे होऊन तो काळा नाग वर येताना बघत असते. घरातला धूर आणि रस्त्यावरचा धूर यांचा वाटा किती, हे भांडून ठरणार नाही. मुलाच्या अंगावर संवेदक लावूनच ते ठरेल, आणि दिल्लीत 'डॅफ्ने' प्रकल्पात दमेकरी मुलांबाबत तो मार्ग अवलंबलाही गेला आहे.

आता जे संशोधन हवे आहे त्याच्या सर्वांत साध्या पायरीविषयी बोलतो. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री धाप लागलेले मूल येते. आईच्या मांडीवर बसवून त्याच्या तोंडाला नेब्युलायझरचा मास्क धरतात, वीस मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या जातात: खोकला, धाप, दोन दिवस, वाफ दिली. पत्त्याच्या रकान्यात गावाचे किंवा उपनगराचे नाव असते, वॉर्ड नसतो, रस्ता नसतो. त्रास किती वाजता सुरू झाला हे लिहिलेले नसते. मूल गेल्या महिन्यातही आले होते का, हे जुना केसपेपर हरवल्यामुळे कळत नाही. सकाळी तो कागद गठ्ठ्यात जातो. एलाच्या बाबतीत होलगेट जे करू शकले ते केवळ दोन नोंदी उपलब्ध असल्यामुळे: रुग्णालयाच्या तारखा आणि जवळच्या मापन केंद्राचे आकडे. मापन केंद्रे आपल्याकडे गेल्या काही वर्षांत वाढली, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था 'सफर'द्वारे हवेचा अंदाजही देते. पण दुसरी नोंद, म्हणजे मुलाची, आपण करतच नाही. मग दर अधिवेशनात माहिती उपलब्ध नसल्याचे सांगणाऱ्यांना विचारले पाहिजे की, ती उपलब्ध व्हावी म्हणून केसपेपरवर चार रकाने वाढवण्याचा आदेश आजवर का निघाला नाही?

अशा नोंदीतून काय साधते याचे उदाहरण बार्सिलोनाचे आहे. १९८१ पासून त्या शहरात अधूनमधून एखाद्या दिवशी रुग्णालयांत दम्याच्या रुग्णांची एकाएकी रीघ लागे. १९८७ पर्यंत असे २६ दिवस नोंदले गेले. शहरभरच्या प्रदूषणावर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे होते. जोसेप अंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या येण्याच्या वेळा आणि ठिकाणे नकाशावर मांडली, ती बंदराभोवती दाटलेली दिसली, मग बंदरातल्या मालाच्या उतरणीचे दप्तर तपासले, आणि १९८५-८६ मधले असे सगळे दिवस सोयाबीन उतरवण्याचे निघाले. धान्याच्या एका कोठाराला धूळ अडवणारे गाळक नव्हते. गाळक बसवले आणि साथी थांबल्या. रुग्णांत प्रौढच अधिक होते, तरी धडा मुलांनाही लागू आहे. एकेका रुग्णाबाबत 'केवळ सोयाबीननेच' असे कोणी सिद्ध करत बसले नाही. संशोधनाने स्रोत दाखवला आणि स्रोत बंद झाला. अमेरिकेत यूटा खोऱ्यातील पोलाद कारखाना १९८६-८७ मध्ये तेराएक महिने बंद पडला, तेव्हा आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी चाळून दाखवले की, कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकाराने भरती होणाऱ्या मुलांची संख्या बंदच्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. या दोन्ही ठिकाणी महागडी उपकरणे लागली नाहीत. नीट लिहिलेली रजिस्टरे लागली.

'आता संशोधन पुरे' म्हणणाऱ्या माझ्या मित्रपक्षालाही काही सांगायचे आहे. उपाय चांगल्या हेतूने केला म्हणजे तो लागू पडतोच असे नाही, आणि हे तपासल्याशिवाय कळत नाही. १९९६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अटलांटात वाहतूक कमी झाली आणि मुलांच्या दम्याच्या तातडीच्या भेटी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, असा निष्कर्ष २००१ मध्ये आला तेव्हा तो जगभर उद्धृत झाला. २०१० मध्ये अधिक व्यापक माहिती घेऊन फेरतपासणी झाली, तेव्हा ओझोन हा प्रदूषक वायू आजूबाजूच्या साऱ्या प्रदेशातच कमी झालेला दिसला आणि तातडीच्या भेटींतली घट तितकी ठाम उरली नाही. लंडनच्या पहिल्या कमी-उत्सर्जन क्षेत्रामुळे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांवर निर्बंध असलेल्या भागामुळे, तिथल्या शाळकरी मुलांच्या फुप्फुसांत सुधारणा दिसली नाही, असे २०१८ मध्ये तिथल्याच संशोधकांनी सांगितले. त्यामुळे प्रदूषण निरुपद्रवी ठरले नाही. निर्बंध अपुरे होते हे ठरले, आणि पुढे अधिक कडक क्षेत्र आले. आपल्याकडे २०२१ मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये सुमारे २० कोटी रुपयांचा धूर-शोषक मनोरा उभा राहिला, तो मुलांच्या कोणत्या आजारपणात किती फरक पाडेल असा प्रश्न आधी कोणी विचारला होता का? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्राची १९ शहरे आहेत, देशात सर्वाधिक; आणि या कार्यक्रमाच्या निधीचा मोठा भाग देशभर रस्त्यावरची धूळ आवरण्यात गेला आहे. रस्त्यावरची जाडी धूळ बरीचशी नाकाघशात अडते. डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण खोलवर जातात, आणि नायट्रोजन डायऑक्साइड तर पाण्याच्या फवाऱ्याने खालीही बसत नाही. कोणता स्रोत मुलांना जास्त बाधतो हे आपण मोजले असते, तर हा पैसा कदाचित दुसरीकडे गेला असता. संशोधनाला विरोध करणारे, नकळत, अशा खर्चाला अभय देतात.

मात्र संशोधन चालू असताना धूर चालू राहणार की थांबणार, हा प्रश्न मोकळा सोडून चालत नाही. शिसेयुक्त पेट्रोलचा इतिहास याबाबत डोळे उघडणारा आहे. १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, परिषद बोलावली, समितीने काही महिने गॅरेज कामगार आणि चालक तपासले, बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही असे सांगितले आणि पुढे संशोधन चालू ठेवण्याची शिफारस केली. ते संशोधन सरकारने केले नाही. पुढची चार दशके ते प्रामुख्याने उद्योगाच्या पैशावर रॉबर्ट केहो यांच्या हाती राहिले, आणि अपाय सिद्ध होईपर्यंत विक्री चालू ठेवण्याचा पायंडा पडला. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले आणि त्याचा बुद्धीवरचा परिणाम दाखवला. भारतात शिसे देशभर बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडले. त्या साऱ्या वर्षांत रस्त्याकडेला वाढलेल्या मुलांनी या संशयाची किंमत मोजली. आजचे उदाहरण हवे असेल तर औष्णिक वीजकेंद्रांचे घ्या. गंधक डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, मुदत २०१७ ची होती, ती पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक शोषणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आधार दिला तो अभ्यासांचा: हवेतले गंधकाचे प्रमाण मानकाच्या आत आहे. पण निरोगी माणसाला जाणवतही नाही इतक्या गंधक वायूने दमेकऱ्याच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळतात. दिवसाच्या आणि वर्षाच्या सरासरीत ती मिनिटे दिसत नाहीत. या अभ्यासांनी वीजकेंद्रांभोवतीच्या दमेकरी मुलांना काही विचारले होते का? संशोधन आणि संशोधन यांत फरक करावा लागतो तो इथे.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. मुलांवर अभ्यास करणाऱ्याने त्या मुलांना मोजून सोडून देऊ नये. पीक फ्लो मीटर ही फुंकण्याचा जोर मोजणारी, काहीशे रुपयांची प्लास्टिकची नळी असते. मूल उभे राहते, छाती भरून श्वास घेते, जोराने फुंकते, काटा सरकतो, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहितात. सहा वर्षांचे मूलही ते शिकते. ज्या शाळेत अशी पाहणी होईल तिथे घरघर आढळलेल्या प्रत्येक मुलाला निदान, पंप आणि तो कसा ओढायचा याचे शिक्षण त्या अभ्यासाच्याच खर्चातून मिळाले पाहिजे, आणि त्याचे आकडे त्याच्या पालकांना मराठीत समजावून दिले पाहिजेत. निदान न झालेल्या ८२ टक्क्यांची संख्या छापून पुढच्या प्रकल्पाकडे वळणे मला अनैतिक वाटते.

दुसरी मागणी अशी की, प्रत्येक मोठ्या उपायासोबत मुलांची मोजणी आधीपासून सुरू व्हावी. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. न्यायालयाने त्यासाठी निर्णायक पुराव्याची वाट पाहिली नाही, हे योग्यच झाले. परंतु ज्या गल्ल्यांत या भट्ट्या आहेत तिथल्या महापालिका शाळांत आणि दवाखान्यांत भट्टी बदलण्यापूर्वी किती मुलांना धाप लागत होती, हे कोणी मोजून ठेवायला नको होते का? ज्या भट्ट्यांचे रूपांतर अजून व्हायचे आहे, त्यांच्या आसपासच्या वर्गांत ही मोजणी या हिवाळ्यात सुरू करता येईल. रूपांतर थांबवण्याची त्यासाठी अजिबात गरज नाही. एक परिचारिका, शंभर पीक फ्लो मीटर, एक वही आणि जवळच्या मापन केंद्राचे आकडे एवढ्यावर काम चालू होईल, आणि भट्टी बदलल्यानंतरच्या हिवाळ्यात तीच मुले पुन्हा त्याच नळीत फुंकतील.